फळांचा कॉबलर: एकाने फळं सांभाळायची, दुसऱ्याने पीठ

कॉबलर म्हणजे खाली स्वतःच्याच रसात शिजलेली फळं आणि वर पिठाचे जाडसर गोळे, बाहेरून खुसखुशीत, आतून मऊ. अमेरिकेतल्या घरांमध्ये वर्षानुवर्षं होत आलेला हा पदार्थ. ॲपल पायसारखी पारी लाटायची नाही, केकसारखं फेटत बसायचं नाही, सजावटीची भानगड नाही. पीठ चमच्याने टाकायचं आणि ते ओबडधोबडच दिसायला हवं. भाजून निघालेला वरचा थर जुन्या दगडी फरसबंदीसारखा दिसला, तर समजा जमलं. (वर ओट्स आणि बटरचा कोरडा भुगा असेल तर तो क्रिस्प. चव चांगलीच लागते, पण तो वेगळा पदार्थ.)

इतका सोपा असूनही पहिला कॉबलर बहुतेक वेळा एकाच जागी फसतो. वरून छान बदामी झालेला गोळा उचलावा तर त्याची खालची बाजू कच्ची, गिचगिचीत. याचं कारण साधं आहे. थंड फळांवर पीठ टाकून भांडं ओव्हनमध्ये ठेवलं की पिठाला वरून लगेच आच लागते, पण खाली थंड रस असतो. तो रस तापून उकळेपर्यंत अर्धा तास सहज जातो आणि तेवढा वेळ पिठाचं बूड रस पीत बसतं. मग कितीही भाजा, ती ओल हटत नाही.

उपाय असा की फळं आधी एकटी ओव्हनमध्ये जातात. रस उकळायला लागला की त्या उकळत्या रसावर पीठ टाकायचं. बूड पहिल्या मिनिटापासून वाफेवर शिजायला लागतं. अडचण एवढीच की त्या क्षणी पीठ तयार हवं, आणि ते आधीपासून भिजवून ठेवता येत नाही. बेकिंग पावडर ओली झाली की तिचा गॅस सुटायला सुरुवात होते. भिजवलेलं पीठ वीस मिनिटं ओट्यावर पडून राहिलं की फुगण्याची बरीच ताकद तिथेच संपते. एकट्याने करताना नेमकी इथे धांदल उडते. दोघं असाल तर एकाने फळं घ्यायची, दुसऱ्याने पीठ, आणि दोन्ही कामं ओव्हनच्या दारात एकत्र आणायची. पुढची सगळी मांडणी त्या हिशेबाने केली आहे.

भांडं आणि ओव्हन

२० बाय २० सेंटीमीटरचं, ५ सेंटीमीटर खोल, म्हणजे साधारण २ लिटरचं काचेचं किंवा सिरॅमिकचं बेकिंग भांडं घ्या. गोल असेल तर २२-२३ सेंटीमीटर व्यासाचं बरोबर बसतं, कारण दोन्हींचं क्षेत्रफळ जवळपास सारखं आहे. १५ बाय १५ चं छोटं भांडं असेल तर सगळं साहित्य निम्मं करा. फळं घातल्यावर काठ निदान दोन सेंटीमीटर मोकळा राहायला हवा, नाहीतर रस उतू जातो. तरीही भांड्याखाली एक पसरट ट्रे ठेवाच. साखरेचा रस ओव्हनच्या तळावर पडून जळाला की धूर होतो आणि तो वास पुढच्या दोन-तीन वेळा येत राहतो.

साध्या ॲल्युमिनियमचं किंवा नुसत्या बिडाचं भांडं टाळा. आंबट फळांची त्या धातूंशी प्रतिक्रिया होऊन रसाला धातूची चव येते. काचेच्या भांड्याची एक काळजी घ्यायची: फ्रीजमधून काढून सरळ तापलेल्या ओव्हनमध्ये, किंवा ओव्हनमधून काढून सरळ ओल्या ओट्यावर ठेवलं तर ते तडकू शकतं. कोरडा जाड कपडा किंवा जाळी आधीच मांडून ठेवा.

तापमान १९० अंश सेल्सिअस. टेबलावरच्या छोट्या ओव्हनमध्ये वरचा-खालचा असे दोन्ही रॉड चालू ठेवा आणि जाळी मधल्या किंवा त्याच्या खालच्या खाचेत घाला. पंखा चालू असेल, किंवा मायक्रोवेव्हचा कन्व्हेक्शन मोड वापरत असाल, तर १७५ पुरेत. त्यात कॉम्बिनेशन मोड लावू नका. मायक्रोवेव्ह लहरींनी पीठ आतून चिवट होतं आणि वरून रंगही नीट येत नाही. ओव्हन निदान पंधरा मिनिटं आधी तापवा. तापल्याचा दिवा लागला तरी भिंती अजून तापायच्या असतात. दिवा लागल्यावर आणखी पाच मिनिटं थांबलेलं बरं.

साहित्य

खालच्या फळांसाठी:
फळं, सोलून-बी काढून ९०० ग्रॅम
साखर १०० ग्रॅम
कॉर्नफ्लोर २ मोठे चमचे (१६ ग्रॅम)
लिंबाचा रस १ मोठा चमचा
मीठ चिमूटभर
दालचिनीची पूड अर्धा छोटा चमचा, किंवा व्हॅनिला १ छोटा चमचा (दोन्ही एकत्र नको)

वरच्या पिठासाठी:
मैदा १८० ग्रॅम
साखर ५० ग्रॅम
बेकिंग पावडर २ छोटे चमचे, सपाट
मीठ अर्धा छोटा चमचा
बिनमिठाचं बटर ८५ ग्रॅम, फ्रीजमधलं थंडगार
दूध १५० मिली, तेही थंड
वरून भुरभुरायला साखर १ मोठा चमचा

मोठा चमचा १५ मिलीचा आणि छोटा ५ मिलीचा, मापाचेच. जेवणाचे चमचे प्रत्येक घरात वेगळे असतात आणि बेकिंग पावडर अर्ध्या चमच्याने जास्त झाली तरी कडसर चव लागते.

मैदा शक्यतो वजनानेच घ्या. कपाने घ्यायचा तर २४० मिलीचे दीड कप, पण कप डब्यात खुपसून भरायचा नाही. चमच्याने हलकेच कपात टाकायचा आणि सुरीच्या पाठीने सपाट करायचा. असा भरलेला कप १२० ग्रॅमच्या आसपास येतो. खुपसून, दाबून भरलेला दीडशेच्याही वर जातो. दीड कपात म्हणजे पंचेचाळीस-पन्नास ग्रॅमचा फरक! "रेसिपीप्रमाणेच केलं, तरी घट्ट झालं" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

बटर खारट असेल तर पिठातलं मीठ चिमटीवर आणा. दुधाऐवजी दाटसर ताक, किंवा तीन भाग दह्यात एक भाग पाणी फेटून घेतलं तर चव जास्त छान लागते आणि पीठही नाजूक होतं. मग बेकिंग पावडर दीड छोटा चमचा आणि सोबत पाव छोटा चमचा खायचा सोडा घ्या. ताकातला आंबटपणा सोड्यासोबत खर्ची पडतो. ब्लूबेरी किंवा जांभळ्या बेरी वापरत असाल तर मात्र सोडा नको, दूध आणि नुसती बेकिंग पावडरच बरी. बेरींचा रंग सोड्याच्या संपर्कात निळसर-हिरवा होतो. खायला हरकत नसते, पण ताटात ते बघवत नाही.

बेकिंग पावडर जुनी असेल तर सुरू करण्याआधीच तपासा. अर्धा छोटा चमचा पावडर पाव कप गरम पाण्यात टाकायची. लगेच जोरात फसफसली तर ठीक. कुठे कुठे दोन-चार बुडबुडे आले तर डबा टाकून द्या.

कणीक वापरायची असेल तर मैद्याच्या एक तृतीयांशापर्यंत चालते, दूध एक-दोन चमचे जास्त लागेल. त्यापुढे गोळे जड होतात.

कोणतं फळ, कसं कापायचं

वरचं प्रमाण पीच, आलुबुखार आणि नेक्टरिन (गुळगुळीत सालीचं पीच) यांना जसंच्या तसं लागू आहे. फोडी दीड सेंटीमीटर जाडीच्या करा. आलुबुखाराची साल काढायची गरज नाही, रसाला रंग त्या सालीमुळेच येतो. पीचची साल काढायची असेल तर बुडाशी अधिकच्या खुणेसारखी चीर द्या, उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट टाका आणि लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवा. साल बोटांनी सरकते. नाहीच सरकली तर फळ पुरतं पिकलेलं नाही असं समजा आणि सोलाणं घ्या.

बाकीच्या फळांत प्रमाण हलतं, कारण प्रत्येकातलं पाणी, आंबटपणा आणि पेक्टिन (रस आळवणारा फळातलाच घटक) वेगळं.

सफरचंदात पाणी कमी आणि पेक्टिन भरपूर, त्यामुळे कॉर्नफ्लोर एक मोठा चमचा बास. पण ते शिजायला वेळ घेतं. घट्ट, आंबटसर जात निवडा, ६ मिलिमीटरच्या चकत्या करा आणि पहिलं भाजणं झाकण ठेवून २५ मिनिटं चालू द्या. जाड फोडी केल्या तर पीठ भाजून होईल आणि सफरचंद दाताखाली करकरेल. पेअरचंही साधारण असंच, मात्र ते लवकर मऊ पडतं, म्हणून किंचित कडक असतानाच वापरा.

चेरी, ब्लूबेरी, रास्पबेरी यांचा रस फार सुटतो. कॉर्नफ्लोर अडीच ते तीन चमचे. गोड चेरी असेल तर लिंबाचा रस दुप्पट करा, नाहीतर चव नुसती गोडमिट्ट होते. स्ट्रॉबेरी एकटीच वापरली तर शिजून तिचा आकार पूर्ण जातो आणि खाली जॅम उरतो. निम्मी स्ट्रॉबेरी आणि निम्मं दुसरं घट्ट फळ हा जास्त शहाणपणाचा मेळ आहे.

अननसाचा मधला कडक दांडा काढून दीड सेंटीमीटरचे तुकडे करायचे, कॉर्नफ्लोर तीन चमचे. आंबा घ्यायचा तर पिकलेला पण हाताला घट्ट लागणारा. त्याला साखर ५० ग्रॅम पुरते, लिंबू दोन चमचे हवं, आणि पहिलं भाजणं दहाच मिनिटांचं. जास्त ठेवलं तर फोडींचा गर होतो.

गोठवलेली फळं वितळवू नका, तशीच वापरा. कॉर्नफ्लोर तीन चमचे आणि पहिलं भाजणं २५ ते ३० मिनिटं. डब्यातली पाकातली फळं पूर्ण निथळून घ्या आणि साखर एक-दोन चमच्यांवर आणा. केळं आणि कलिंगड या पदार्थासाठी नाहीत.

साखरेच्या आकड्याला चिकटून बसू नका. फळाची एक फोड खाऊन बघा. आंबट लागली तर शंभर ग्रॅम, चांगलं गोड असेल तर साठ-सत्तर. पीठही थोडं गोड आहे आणि बरोबर आइस्क्रीम असेल तर तेही गोडच, हा हिशेब आधी करायचा.

कामाची वाटणी

सुरुवातीला दोघांनी मिळून सगळं साहित्य वजन करून मांडायचं, ओव्हन लावायचा. मग दोन बाजू.

फळांवरचा माणूस: धुणं, सोलणं, कापणं. ९०० ग्रॅम फळांना पंधरा ते वीस मिनिटं लागतात, चेरीच्या बिया काढायच्या असतील तर अर्धा तास धरा. त्यानंतर एका मोठ्या वाडग्यात आधी साखर, कॉर्नफ्लोर आणि मीठ कोरडंच एकत्र करायचं. हा क्रम महत्त्वाचा आहे. कॉर्नफ्लोर सरळ ओल्या फळांवर टाकलं की त्याच्या गुठळ्या होतात, साखरेत मिसळलेलं असलं की कण सुटे राहतात. मग फळं, लिंबाचा रस, दालचिनी किंवा व्हॅनिला घालून हाताने हलकेच खालीवर करायचं. पाच-सात मिनिटांत साखर फळातलं पाणी ओढून घेते आणि वाडग्याच्या तळाशी पांढुरका रस दिसायला लागतो. हे सगळं, रसासकट, भांड्यात ओतून सारखं पसरायचं. वाडग्याला चिकटलेलं कॉर्नफ्लोरही खरवडून घ्या, घट्टपणा त्यातूनच येणार आहे.

पिठावरचा माणूस: सगळ्यात आधी बटरचे एक सेंटीमीटरचे चौकोनी तुकडे करून फ्रीझरमध्ये टाकायचे. दूध मोजून फ्रीजमध्ये. मैदा, साखर, बेकिंग पावडर आणि मीठ पसरट वाडग्यात एकत्र करून चाळून किंवा व्हिस्कने फिरवून ठेवायचं. ट्रे ओव्हनमध्ये घालायचा, जाळी मांडायची. एवढं झाल्यावर हा माणूस मोकळा आहे, तेव्हा चेरीच्या बिया काढायला त्यालाही बसवा.

फळांचं भांडं ओव्हनमध्ये गेलं की घड्याळ लावा: १५ ते १८ मिनिटं. पहिली दहा मिनिटं झाली की बटर फ्रीझरमधून काढायचं.

बटर पिठात मुरवणं

हे काम चार-पाच मिनिटांचं आहे, पण वरच्या थराचा पोत इथेच ठरतो. बटरचे तुकडे पिठात टाका आणि आधी नुसते घोळवा, म्हणजे प्रत्येक तुकड्याला मैद्याचा लेप बसेल. मग अंगठा आणि पहिली दोन बोटं यांच्यात एक-एक तुकडा धरून चपटा करा, नाण्यासारखा, आणि सोडून द्या. तळहात वापरायचे नाहीत, तळहात गरम असतात. सगळे तुकडे चपटे झाले की पीठ खालून वर उचलत बोटांच्या टोकांनी हलकं चोळा. बराचसा भाग जाड रव्यासारखा दिसेल आणि त्यात वाटाण्याएवढे बटरचे खडे उरतील. तिथे थांबा. हात आपोआप चालू राहतो आणि "अजून थोडं एकजीव करूया" असं वाटतं, तोच मोह आवरायचा. ते खडे भाजताना वितळतात, बटरमधलं पाणी वाफ होऊन जागा करतं आणि गोळ्याच्या आत पापुद्रे सुटतात. बटर पूर्ण मुरवलं तर पीठ बिस्किटासारखं भुसभुशीत, सपाट होतं.

मध्येच बटर मऊ पडून बोटांना तेलकट लागायला लागलं तर वाडगं तसंच दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. म्हणूनच हे काम करणाऱ्याचे हात थंड असावेत. दोघांपैकी ज्याचे हात कायम गार असतात, त्याला पिठावर बसवा आणि दुसऱ्याला सुरी द्या.

दोन कामांची गाठ

फळांवरचा माणूस आता ओव्हनवर लक्ष ठेवून आहे. कडेने रस उकळायला लागला, छोटे बुडबुडे दिसले, की त्याने हाक द्यायची. त्या हाकेनंतरच दूध पिठात पडायचं, आधी नाही.

सगळं दूध एकदम ओतू नका. दोन चमचे मागे ठेवा. काट्याने किंवा रबरी उलथन्याने पीठ बाहेरून आत दुमडत पंधरा-वीस वेळा फिरवा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की बास. मिश्रण गुठळ्यांचं, चिकट, चमच्यावरून सावकाश घसरणारं हवं. तळाशी कोरडा मैदा उरला तर मागे ठेवलेलं दूध घाला. केकच्या मिश्रणासारखं ओतता आलं तर पातळ झालं आहे, चपातीच्या कणकेसारखा गोळा झाला तर घट्ट. फार ढवळलं की मैद्यातलं ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) ताणलं जातं आणि गोळे चिवट होतात. गुठळ्या राहिल्या तरी चालतील.

आता एकाने भांडं बाहेर काढून जाळीवर ठेवायचं आणि फळं एकदा तळापासून हलकेच हलवायची, कारण कॉर्नफ्लोर खाली बसलेलं असतं. ओव्हनचं दार लगेच बंद. दुसऱ्याने मोठ्या चमच्याने मोठ्या लिंबाएवढे नऊ गोळे टाकायचे, तीन ओळींत तीन. प्रत्येक गोळा साधारण पन्नास ग्रॅमचा होतो. चमच्याच्या पाठीने किंचित दाबून दोन-अडीच सेंटीमीटर जाडीवर आणा. गोळ्यांमध्ये बोटभर फट सोडा. त्या फटींतून खालची वाफ बाहेर पडते. पीठ सगळीकडे सलग पसरून फळं झाकून टाकली की वाफ कोंडते आणि पुन्हा तेच गिचगिचीत बूड. वरून साखर भुरभुरा. भांडं तापलेलं आहे आणि रस उकळता आहे, तेव्हा पीठ वरून सोडून उडवू नका, चमचा जवळ नेऊन ठेवा. हे सगळं दोन-तीन मिनिटांत व्हायला हवं. चार हात असले की होतं.

कच्चं पीठ चाखायचं नाही. मैदा भाजलेला नसतो, त्यात जंतू असू शकतात. बोटं चाटायची हौस फळांच्या रसावर भागवा.

भाजणं आणि झालं हे ओळखणं

पुन्हा १९० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं. वीस मिनिटं होईपर्यंत दार उघडू नका. रंग लवकर येतोय असं काचेतून दिसलं तर पंचविसाव्या मिनिटाला वरून फॉइल सैल ठेवा, दाबून बंद करू नका.

घड्याळापेक्षा बुडबुड्यांवर विश्वास ठेवा. सुरुवातीला रस पाण्यासारखा पातळ असतो, त्याचे बुडबुडे बारीक, भराभर येतात आणि लगेच फुटतात, रंग दुधट. कॉर्नफ्लोर साठ-सत्तर अंशांच्या दरम्यान फुगायला लागतं, पण त्याचा पूर्ण घट्टपणा यायला रस ९५ अंशांच्या आसपास जावा लागतो. तसं झालं की बुडबुडे मोठे, जड आणि संथ होतात, वरण रटरटतं तसे, आणि रस काचेसारखा चकचकीत दिसतो. हे कडेला आधी होतं. मध्यभागीच्या फटीतही असेच जड बुडबुडे दिसले तरच फळं झाली. कडेचे बघून भांडं काढणं ही दुसरी नेहमीची चूक.

पिठासाठी मधला गोळा तपासा, कोपऱ्यातला नाही. काट्याने तो बाजूने थोडा उचला. आतली बाजू ब्रेडसारखी जाळीदार, कोरडी दिसायला हवी. ओलसर, पारदर्शक पट्टा दिसला तर पाच मिनिटं आणखी. थर्मामीटर असेल तर गोळ्याच्या आत ९३ अंश आले की झालं.

मग निदान तीस मिनिटं थांबायचं. वास सुटलेला असताना हे अवघड जातं, मान्य. पण कॉर्नफ्लोरचा रस गार होताना आणखी आळतो. ओव्हनमधून काढल्या काढल्या वाढलं तर ताटात गरम सूप येतं आणि जीभ पोळते ती वेगळी. कोमट असताना खा, सोबत व्हॅनिला आइस्क्रीम किंवा न फेटलेलं गार क्रीम.

फसलं तर कुठे फसलं

अर्ध्या तासानंतरही खाली पाणीच असेल तर रस मध्यभागी उकळलाच नव्हता, किंवा फळं फार रसाळ होती आणि कॉर्नफ्लोर कमी पडलं. पुन्हा फॉइलखाली दहा-पंधरा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवून बघा, पहिलं कारण असेल तर सुधारतं. दुसरं असेल तर चमच्याने थोडा रस काढून घ्या, छोट्या भांड्यात आटवा आणि आइस्क्रीमवर ओता. वाया काही जात नाही.

गोळे दगडासारखे झाले तर मैदा जास्त पडला किंवा फार ढवळलं. पसरून चपटे झाले तर बटर मऊ होतं, दूध जास्त पडलं किंवा ओव्हन पुरेसा तापलेला नव्हता. आकार तोच पण फुगलेच नाहीत, तर बेकिंग पावडर मेलेली होती किंवा पीठ भिजवून वाट बघत बसलं. वरून पांढरट राहिले तर वरचा रॉड बंद असेल किंवा भांडं फार खाली असेल. शेवटची पाच मिनिटं वरच्या खाचेत ठेवा आणि तिथून हलू नका. साखर बदामीची काळी व्हायला मिनिटभर पुरतं.

आणि दर वेळी वरून जळतं पण आत कच्चं राहतं असं होत असेल, तर ओव्हनची खूण आणि खरं तापमान यांत तफावत असणार. आत ठेवायचा स्वस्तातला ओव्हन थर्मामीटर एकदा लावून बघा. वीस अंशांचा फरक घरगुती ओव्हनमध्ये अगदी सहज निघतो.

अजून सोपं हवं असेल तर

बटर चोळायचा कंटाळा असेल तर पातळ मिश्रणाचा प्रकार आहे. त्याच भांड्यात ६० ग्रॅम बटर ओव्हनमध्येच वितळवा. दुसऱ्या वाडग्यात १२५ ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम साखर, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा मीठ आणि १८० मिली दूध एकत्र करा. हे मिश्रण गरम बटरवर ओता आणि त्यावर ४०० ग्रॅम फळं पसरा. ढवळायचं अजिबात नाही. १८० अंशांवर ४५ ते ५० मिनिटांत मिश्रण फुगून फळांच्या वर येतं, कडा बटरमध्ये तळल्यासारख्या कुरकुरीत होतात. याचा पोत केककडे झुकणारा असतो, गोळ्यांची मजा त्यात नाही. पण ओव्हनच्या बाहेरचं काम दहा मिनिटांचं आहे आणि त्याला दुसरा माणूस लागत नाही.

उरलं तर

गार झाल्यावर झाकून फ्रीजमध्ये तीन दिवस चांगलं राहतं. दुसऱ्या दिवशी गोळे मऊ पडतात, ते १७० अंशांवर पंधरा मिनिटं ठेवले की वरून परत खुसखुशीत होतात. मायक्रोवेव्हमध्ये गरम होईल, पण गोळे आणखी लिबलिबीत होतील. भाजलेला कॉबलर गोठवू नका. गोठून वितळल्यावर कॉर्नफ्लोर पाणी सोडतं. आधीपासून तयारी करून ठेवायची असेल तर कोरडं पीठ बटरसकट चोळून, दूध न घालता, डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवा. महिनाभर टिकतं. त्या दिवशी मग फक्त फळं कापायची आणि कडेने बुडबुडे आले की दूध ओतायचं.